पुण्यातल्या छोट्या धंद्यांसाठी कर्ज, डिजिटल साधनं आणि मदतीचे मार्ग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हातगाडी, पोळी-भाजी केंद्र, शिवणकाम, पार्लर, भोसरीतला एक-दोन लेथचा कारखाना, तुळशीबागेतला चिंचोळा स्टॉल. असे धंदे चालवणाऱ्यांकडून फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर आणि वस्तीतल्या बैठकांमध्ये जे प्रश्न सतत येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं पुणे आणि पिंपरी-चिंचवड डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. योजनांच्या रकमा आणि मुदती बदलत राहतात, त्यामुळे अर्ज भरण्याआधी संबंधित कार्यालयात एकदा विचारून घ्या.

१. धंदा छोटा आहे, कुठेच नोंद नाही. कर्ज हवंय. सुरुवात कुठून करू?

वहीपासून. आज किती विकलं, किती माल आणला, कोणाकडे किती उधारी राहिली, एवढं रोज रात्री लिहा. बँकेतल्या साहेबांना तुमच्या धंद्याबद्दल एकच गोष्ट जाणून घ्यायची असते : हप्ता निघेल का? ‘रोजचे हजार रुपये सुटतात’ हे तोंडी सांगितलेलं त्यांना फाइलला लावता येत नाही. सहा महिन्यांची वही आणि त्याच काळातलं बँक खात्याचं उतारापत्रक लावता येतं.

आम्ही हा आग्रह इतका धरतो, कारण वहीचा पहिला फायदा बँकेला नसून तुम्हालाच होतो. गल्ल्यात आलेले पैसे आणि नफा यांत अनेकांची गल्लत होते. डबे देणाऱ्या बायका गॅस, तेल, पीठ यांचा हिशेब करतात, पण स्वतःची मजुरी आणि डबा पोचवणाऱ्या मुलाचं पेट्रोल विसरतात. कर्ज किती घ्यायचं हे ठरवायच्या आधी महिन्याला नेमकं किती उरतं ते कळायला हवं.

वहीपाठोपाठ धंद्यासाठी वेगळं बचत खातं काढा. चालू खात्याची घाई नको. धंद्याचा क्यूआर याच खात्याला जोडा. मग उद्यम नोंदणी, आणि त्यानंतर कर्जाचा अर्ज.

२. उद्यम नोंदणीला एजंट पंधराशे मागतोय. खरंच इतके लागतात का?

एक रुपयाही लागत नाही. ही नोंदणी १ जुलै २०२० पासून केंद्र सरकारच्या उद्यम पोर्टलवर होते आणि ती पूर्ण मोफत आहे. आधार, त्याला जोडलेला मोबाइल आणि पॅन हवं. कागदपत्रं अपलोड करावी लागत नाहीत आणि प्रमाणपत्राचं नूतनीकरणही नसतं. दिसायला अगदी सरकारी वाटणाऱ्या अनेक खासगी वेबसाइट पैसे घेऊन हाच फॉर्म भरून देतात. पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ नसेल तर तिथून बाहेर पडा.

पॅन नाही, जीएसटी नाही, अगदीच असंघटित धंदा आहे, अशांसाठी सिडबी या लघुउद्योगांसाठीच्या विकास बँकेने २०२३ मध्ये उद्यम असिस्ट हे व्यासपीठ सुरू केलं. तिथे तुमची बँक किंवा मायक्रोफायनान्स संस्था तुमच्या वतीने नोंदणी करते. बँकेच्या अग्रक्रम कर्जासाठी (छोट्या धंद्यांसारख्या ठरावीक गटांना बँकांनी द्यायच्या कर्जासाठी) ते प्रमाणपत्र उद्यमच्या बरोबरीचं मानलं जातं.

१ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असलेला उद्योग ‘सूक्ष्म’ धरतात. म्हणजे हे पान वाचणारे जवळजवळ सगळे सूक्ष्म उद्योजकच आहेत. किराणा, कपडे, भांडी विकणाऱ्या व्यापाऱ्यांनाही २०२१ पासून नोंदणी करता येते. मात्र त्यांना मिळणारे फायदे मर्यादित आहेत. त्याबद्दल प्रश्न १३ पाहा.

३. शॉप अ‍ॅक्ट, अन्न परवाना, जीएसटी. यातलं मला काय लागतं?

दुकान किंवा कार्यालय असेल तर शॉप अ‍ॅक्ट. कामगारांची संख्या कायद्यातल्या मर्यादेपेक्षा कमी असेल तर परवाना लागत नाही. ऑनलाइन सूचना द्यायची आणि त्याची पावती जपून ठेवायची. बँका पत्त्याचा आणि धंद्याचा पुरावा म्हणून तीच मागतात.

खाण्याचा कोणताही पदार्थ विकत असाल तर एफएसएसएआयची नोंदणी हवी. घरातून डबे देणाऱ्यांनाही ती लागते.

जीएसटी : फक्त माल विकत असाल तर वर्षाची उलाढाल ४० लाखांवर आणि सेवा देत असाल तर २० लाखांवर गेल्यावर नोंदणी सक्तीची होते. खानावळ, पोळी-भाजी केंद्र हे सेवेत मोडतं. एक अपवाद मात्र अनेकांना माहीत नसतो. माल दुसऱ्या राज्यात विकत असाल, म्हणजे इंस्टाग्रामवर ऑर्डर घेऊन चकली बेंगळुरूला कुरिअर करत असाल, तर ४० लाखांची सूट लागू होत नाही. तिथे पहिल्या विक्रीपासून नोंदणी लागते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात विकत असाल तर ही अडचण नाही.

४. माझी हातगाडी आहे. स्वनिधीचं कर्ज अजून मिळतं का?

मिळतं. पीएम स्वनिधी ही पथविक्रेत्यांसाठीची कर्ज योजना जून २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात सुरू झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने ती ३१ मार्च २०३० पर्यंत वाढवली आणि रकमाही वाढवल्या. पहिलं कर्ज आता १५,००० पर्यंत, ते फेडलं की २५,००० आणि नंतर ५०,००० रुपये. वेळेवर फेडणाऱ्याला व्याजावर ७ टक्के अनुदान थेट खात्यात येतं. दुसरं कर्ज वेळेत फेडणाऱ्यांसाठी यूपीआयला जोडलेलं रुपे क्रेडिट कार्डही आहे. क्यूआरवर पैसे घेतले तर थोडा कॅशबॅक मिळतो.

रक्कम लहान वाटते, पण आमच्या मते पथारीवाल्यांसाठी याहून चांगलं पहिलं कर्ज नाही. तारण नाही, आणि फेडलेल्या प्रत्येक हप्त्याची नोंद तुमच्या क्रेडिट इतिहासात होते. पुढचं मुद्रा कर्ज त्या नोंदीवर मिळतं.

५. महापालिकेच्या पथविक्रेता सर्वेक्षणात माझं नाव राहिलं. विक्रेत्याचं प्रमाणपत्र नाही. आता?

शिफारसपत्रासाठी अर्ज करा. सर्वेक्षणातून सुटलेल्या विक्रेत्याला महापालिका किंवा नगर पथविक्रेता समिती असं पत्र देऊ शकते. तुम्ही तिथे धंदा करता हे दाखवायला संघटनेचं सदस्यत्व, महापालिकेची जुनी पावती, अगदी पूर्वी झालेल्या दंडाची पावतीसुद्धा कामाला येते. त्या पावत्या फेकू नका.

अर्ज कुठे करायचा हे जागेवर ठरतं. पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड महापालिका आणि पुणे, खडकी, देहूरोड ही कॅन्टोन्मेंट मंडळं ही सगळी वेगवेगळी कार्यालयं आहेत. कॅम्पातल्या विक्रेत्याचा अर्ज शिवाजीनगरला महापालिका भवनात नेऊन उपयोग नाही.

शिवाय २०१४ चा पथविक्रेता कायदा माहीत असू द्या. त्या कायद्यानुसार सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत विक्रेत्याला हटवता येत नाही, आणि जागा बदलायची असेल तर ३० दिवसांची नोटीस लागते. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडलेले असतात आणि त्यांतल्या एकतृतीयांश महिला असतात. तुमच्या भागातले सदस्य कोण ते शोधून त्यांना भेटा. एकट्याने खेटे घालण्यापेक्षा काम लवकर होतं.

६. बँकेत म्हणाले, ‘मुद्रा द्यायचं असेल तर तारण आणा.’ हे बरोबर आहे का?

बरोबर नाही. मुद्रा योजना ८ एप्रिल २०१५ पासून चालू आहे आणि तिचा पायाच विनातारण कर्ज हा आहे. शिशु ५०,००० पर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत. तरुण गटातलं कर्ज घेऊन नीट फेडलेल्यांना ‘तरुण प्लस’मध्ये २० लाखांपर्यंत मिळू शकतं. शिवाय सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण घेऊ नये असा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. त्याहून मोठ्या कर्जासाठी सीजीटीएमएसई या हमी निधीचं संरक्षण बँक घेऊ शकते.

इथे एक फरक समजून घ्या. कर्जातून घेतलेलं शिलाई मशीन, ओव्हन किंवा माल बँकेकडे नजरगहाण राहतो, म्हणजे वापर तुमचाच, पण कर्ज फिटेपर्यंत त्यावर बँकेचा हक्क. ते योग्य आहे. पण तुमचं घर, दागिने किंवा मुदत ठेव मागणं हे तारण झालं.

मग शाखेत गेल्यावर ‘सध्या मुद्रा बंद आहे’ असं का ऐकू येतं? कधी शाखेची त्या तिमाहीतली थकबाकी वाढलेली असते, कधी अर्ज अर्धवट असतो, आणि कधी नव्या माणसाला टाळायचं असतं. म्हणून अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. २५ लाखांपर्यंतच्या अर्जावर १४ कामकाजाच्या दिवसांत निर्णय कळवणं बँकेकडून अपेक्षित आहे. नकार असेल तर कारण लेखी मागा. लेखी कारण मागितलं की निम्म्या वेळा फाइल पुढे सरकते, हे आम्ही वारंवार पाहिलंय. जिथे तुमचं खातं आधीपासून चालतं त्याच शाखेत आधी जा. ऑनलाइन अर्ज करायचा असेल तर जनसमर्थ पोर्टल आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘तुमचं ५ लाखांचं मुद्रा कर्ज मंजूर झालं, फाइल चार्ज भरा’ असं पत्र आलं तर ती निव्वळ फसवणूक आहे. मुद्रा कर्ज बँक किंवा अधिकृत वित्तसंस्थाच देते, आणि मंजुरीसाठी आधी पैसे भरायला सांगत नाही.

७. इतक्या योजना आहेत. माझ्यासाठी कोणती?

आधी तीन गोष्टी पाहा : धंदा नवा की चालू, तुमचा व्यवसाय कोणता, आणि तुमच्या समाजासाठी वेगळं महामंडळ आहे का.

धंदा नवा आणि त्यात काही तयार करायचं किंवा सेवा द्यायची असेल तर मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम पाहा. शिवाजीनगरच्या जिल्हा उद्योग केंद्रातून तो चालतो. प्रकल्प खर्चावर १५ ते ३५ टक्के अनुदान असतं. शहरात सर्वसाधारण गटाला १५ टक्के, महिला आणि राखीव गटांना २५ टक्के. ग्रामीण भागात दोन्ही १० टक्क्यांनी जास्त. म्हणून मुळशी किंवा वेल्ह्यात युनिट टाकणाऱ्याला कोथरूडमधल्यापेक्षा जास्त अनुदान मिळतं. चालू धंद्याला हे मिळत नाही.

शिंपी, न्हावी, परीट, सुतार, लोहार, कुंभार, चर्मकार, गवंडी, सोनार, फुलांच्या माळा किंवा टोपल्या-झाडू बनवणारे अशा १८ कारागीर गटांसाठी सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली पीएम विश्वकर्मा आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, मग ५ टक्के व्याजाने आधी १ लाख आणि ते फेडल्यावर २ लाख. कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो. गेल्या पाच वर्षांत मुद्रा किंवा स्वनिधी घेतलं असेल तर ते पूर्ण फेडलेलं हवं.

महामंडळांत महात्मा फुले, अण्णाभाऊ साठे, संत रोहिदास, वसंतराव नाईक, मौलाना आझाद आणि इतर मागासवर्गीय महामंडळ यांच्या योजना आपापल्या समाजघटकांसाठी आहेत. अण्णासाहेब पाटील महामंडळ स्वतः कर्ज देत नाही, बँकेच्या कर्जावरचं व्याज परत करतं. तिथे एक चूक फार महाग पडते. पात्रता प्रमाणपत्र बँकेचं कर्ज मंजूर होण्याआधी काढावं लागतं. आधी कर्ज घेऊन नंतर महामंडळात गेलेल्यांना रिकाम्या हाताने परत यावं लागतं.

या कशातच बसत नसाल तर मुद्रा. त्याला समाज, शिक्षण, वय यांची आडकाठी फारशी नाही.

८. अनुदानाचे पैसे हातात कधी येतात?

बहुतेकदा हातात येतच नाहीत. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात अनुदान तुमच्या नावाने बँकेत तीन वर्षं अडकवून ठेवतात आणि धंदा चालू असल्याची खात्री झाल्यावर कर्जात वळतं करतात. तोवर हप्ते तुम्हालाच भरायचे. ‘३५ टक्के माफ’ असं सांगून कोणी कर्ज घ्यायला लावत असेल तर सावध व्हा. अनुदान धरूनच धंदा परवडत असेल तर तो धंदा काढू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

९. सिबिल खराब आहे. किंवा सिबिलच नाही. कर्ज मिळेल का?

ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. इतिहासच नसणं हा दोष नाही. पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याचा अर्ज केवळ क्रेडिट इतिहास नाही म्हणून फेटाळू नये, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेलं आहे. तेव्हा वही आणि खात्याचा उतारा पुढे करा.

स्कोअर खराब असेल तर आधी अहवाल वाचा. देशात चार संस्था असे अहवाल बनवतात : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल मोफत मिळतो. त्यात अनेकदा जुनी, फेडलेली, पण बंद न दाखवलेली कर्जं सापडतात. मोबाइल हप्त्यावर घेतला, शेवटचे काही रुपये राहिले आणि सात वर्षं ‘थकबाकी’ दिसत राहिली, अशी प्रकरणं नेहमीची आहेत. चूक असेल तर ऑनलाइन तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

खरोखरच थकवलेलं असेल तर ते फेडा, पण ‘सेटलमेंट’ची, म्हणजे कमी रकमेत मिटवून टाकण्याची घाई करू नका. सेटल केलेलं कर्ज अहवालात तसंच लिहिलं जातं आणि पुढची बँक ते पाहून बिचकते. जमत असेल तर पूर्ण रक्कम भरून ना-देय दाखला घ्या. पैसे घेऊन स्कोअर सुधारून देणाऱ्यांच्या नादी लागू नका.

१०. मिस्टरांचं कर्ज थकलंय. मला माझ्या नावावर मिळेल का?

तुमचा क्रेडिट अहवाल तुमच्या पॅनवर असतो, त्यांच्या कर्जाचा त्याच्याशी संबंध नाही. पण त्या कर्जात तुम्ही सहकर्जदार किंवा जामीन असाल तर ते तुमच्याही अहवालात दिसतं. अनेक ताईंना आपण सही कशावर केली होती हे आठवत नाही, म्हणून आधी अहवाल काढा.

मायक्रोफायनान्समध्ये मात्र घर एकत्र धरलं जातं. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला हे विनातारण कर्ज मिळतं, आणि घरातल्या सगळ्यांच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाता कामा नयेत. मिस्टरांचे हप्ते त्यात मोजले जातात.

११. आधारवर गावचा पत्ता आहे, धंदा पुण्यात आहे. अडचण येईल का?

लातूर, बीड, सोलापूरहून येऊन इथे बस्तान बसवलेल्यांचा हा प्रश्न. उद्यमला अडचण नाही, कारण तिथे धंद्याचा पत्ता वेगळा भरायचा असतो. बँक खात्यालाही आधारवरून ओळख पटवताना सध्याच्या पत्त्याचं स्वघोषणापत्र चालतं. कर्जासाठी मात्र शाखेला तुम्ही इथे टिकून आहात याचा पुरावा हवा असतो. नोंदणीकृत भाडेकरार सगळ्यात चांगला. मालक देत नसेल तर शॉप अ‍ॅक्टची पावती, मुलांच्या शाळेचा दाखला, गॅसचं कार्ड, जे असेल ते लावा.

१२. यूपीआयवर पैसे घेतले की टॅक्सवाले मागे लागतात, म्हणून क्यूआर काढून टाकू का?

नका काढू. २०२५ च्या जुलैमध्ये कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, त्यानंतर ही भीती इकडेही पसरली. पण कर विक्रीवर आणि उत्पन्नावर असतो, पैसे रोख आले की क्यूआरवर यावर नाही. उलाढाल मर्यादेच्या आत असेल तर जीएसटी नाही. मर्यादा प्रश्न ३ मध्ये दिल्या आहेत. केवळ ताजी भाजी-फळं विकणाऱ्याला उलाढाल कितीही असली तरी जीएसटी नोंदणी लागत नाही, कारण तो माल करमुक्त आहे.

गोंधळ होतो तो एकाच खात्यात सगळं आल्याने. भावाने पाठवलेले पैसे, भिशीची रक्कम, उसने परत आलेले, हे सगळं विक्री म्हणून मोजलं जाऊ शकतं. त्यासाठीच वेगळं खातं आणि वही.

आयकरात तर डिजिटल विक्रीला सवलत आहे. अंदाजित उत्पन्नाच्या पद्धतीत रोख विक्रीवर ८ टक्के नफा धरतात, डिजिटल विक्रीवर ६ टक्के. कर भरायचा नसला तरी विवरणपत्र भरा. ५ लाखांच्या पुढच्या कर्जाला बँक ते मागतेच.

१३. भोसरीत जॉबवर्क करतो. कंपनी चार-चार महिने बिल देत नाही. काय करू?

२००६ चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा (एमएसएमई) कायदा तुमच्या बाजूने आहे. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायलाच हवेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. तक्रार ऑनलाइन करता येते आणि ती अशा थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या पुण्याच्या सुविधा परिषदेकडे जाते. निकाल तुमच्या बाजूने लागला आणि कंपनीला कोर्टात जायचं असेल तर आधी ७५ टक्के रक्कम जमा करावी लागते. १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही बदल झाला. मुदतीत न दिलेल्या बिलाचा खर्च कंपनीला त्या वर्षी वजा करता येत नाही. त्यामुळे मार्च जवळ आला की थकलेली बिलं निघू लागतात. फेब्रुवारीतच उद्यम क्रमांकासह नम्र पत्र पाठवा.

दोन अपवाद मात्र आहेत. उद्यम नोंदणी माल पुरवण्याआधीची हवी, वाद झाल्यावर काढलेली उपयोगाची नाही. आणि निव्वळ व्यापाऱ्यांना, म्हणजे घाऊक-किरकोळ विक्रेत्यांना हे संरक्षण मिळत नाही. त्यांची उद्यम नोंदणी अग्रक्रम कर्जापुरतीच आहे.

कायम काम देणाऱ्या कंपनीवर तक्रार करायचं धाडस होत नाही, हे आम्ही जाणतो. ऑर्डर गेली तर लेथ बंद. अशांसाठी ट्रेड्स ही ऑनलाइन वाट आहे. कंपनीने मान्य केलेलं बिल तिथे बँका बोली लावून विकत घेतात, तुम्हाला थोडी कसर जाऊन काही दिवसांत पैसे मिळतात आणि कंपनी मुदतीनंतर बँकेला देते. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे. खरेदी विभागात ‘तुम्ही ट्रेड्सवर आहात का?’ एवढंच विचारा.

१४. वेबसाइट बनवून देतो म्हणून एकाने पंचवीस हजार सांगितले. बनवू का?

आत्ता नको. गूगलवर बिझनेस प्रोफाइल मोफत आहे. ‘जवळचा ब्लाउज शिवणारा’ असं शोधणाऱ्याला तुम्ही नकाशावर दिसलात की गिऱ्हाईक येतं. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर फोटो आणि भावासह कॅटलॉग टाका, तोही मोफत. हिशेबासाठी वही पुरेशी आहे. अ‍ॅप हवं असेल तर उधारीची आठवण पाठवणारं एखादं घ्या, पण ते अ‍ॅप कर्ज देऊ लागलं तर प्रश्न १६ वाचा. ऑर्डर हाताबाहेर जाऊ लागल्या की ओएनडीसी हे ऑनलाइन विक्रीचं खुलं जाळं किंवा सरकारी खरेदीचं जेम पोर्टल पाहा. वेबसाइटचा विचार त्यानंतर.

१५. बँकेने माझं खातं गोठवलं. मी काहीच केलेलं नाही!

फसवणुकीचे पैसे अनेक खात्यांतून फिरवले जातात. त्यांतल्या कोणी तुमच्याकडे वडापाव खाऊन दोनशे रुपये दिले, तर पोलिसांच्या साखळीत तुमचंही खातं येतं. बँकेकडून लेखी घ्या : कोणत्या राज्याच्या पोलिसांनी, कोणत्या तक्रार क्रमांकाखाली, किती रकमेसाठी. मग त्या दिवसाची वहीतली नोंद किंवा बिल जोडून त्या पोलीस ठाण्याला मेल करा आणि प्रत शाखेत द्या. संपूर्ण खात्याऐवजी फक्त वादातली रक्कम अडकवावी, अशी विनंती जरूर करा.

आणि तुमचीच फसवणूक झाली असेल तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. गिऱ्हाइकाने दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर माल देऊ नका, तुमच्या फोनवर किंवा स्पीकरवर पैसे आल्याचं कळू द्या.

१६. अ‍ॅपवर पाच मिनिटांत कर्ज मिळतंय. किंवा बाजारात रोजच्या वसुलीवर. घेऊ का?

अ‍ॅपमागची बँक किंवा वित्तसंस्था कोणती ते पाहा. रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर अधिकृत कर्ज-अ‍ॅपची यादी आहे. कर्ज थेट तुमच्या खात्यात यायला हवं आणि सही करण्याआधी सगळा खर्च धरून वार्षिक दर सांगणारं तथ्यपत्र मिळायला हवं. फोनमधले संपर्क आणि फोटो मागणारं अ‍ॅप लगेच काढून टाका.

रोजच्या वसुलीचा हिशेब एकदा मांडून पाहा. ९,००० हातात देऊन शंभर दिवस रोज १०० रुपये घेणाऱ्याचा दर ऐकायला कमी वाटतो. पण मुद्दल रोज कमी होत असतं, त्यामुळे वर्षाचा दर ऐंशी टक्क्यांच्या आसपास जातो. महाराष्ट्रात सावकारीला परवाना लागतो आणि २०१४ च्या कायद्यानुसार मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. विनापरवाना सावकाराची तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे होते. कोरा चेक, कोरा स्टॅम्प पेपर कोणालाही देऊ नका.

१७. पुण्यात आमच्यासारख्यांना धरून चालणारं कोणी आहे का?

आहे, आणि या बाबतीत पुणे खरंच श्रीमंत आहे. डॉ. मेधा पुरव-सामंत यांनी १९९३ मध्ये भाजी विकणाऱ्या बायकांना छोटी कर्जं देऊन सुरू केलेलं काम आज अन्नपूर्णा परिवार म्हणून उभं आहे. तिथे कर्जासोबत बचत आणि आरोग्याचं संरक्षणही मिळतं. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत त्याच वर्षीची. कचरावेचकांची स्वतःची पतसंस्था तिच्यातून उभी राहिली. हातगाडी-पथारीवाल्यांसाठी बाबा आढावांच्या चळवळीतून उभी राहिलेली पथारी व्यावसायिक पंचायत आहे. दलित उद्योजकांची डिक्की ही संस्था २००५ मध्ये पुण्यातच मिलिंद कांबळे यांनी स्थापन केली. डॉ. आनंद देशपांडे यांचं देआसरा फाउंडेशन छोट्या उद्योजकांना मार्गदर्शन करतं. १९३४ पासूनचं मराठा चेंबर हे उद्योग-व्यापाऱ्यांचं मंडळ फक्त मोठ्यांसाठी आहे असं समजू नका, तिथली प्रशिक्षणं लघुउद्योजकांसाठीही असतात. खाद्यपदार्थ आणि हस्तकला करणाऱ्या बचत गटांना दरवर्षी डिसेंबरच्या सुमारास भरणारी भीमथडी जत्रा मोठं गिऱ्हाईक देते.

भिशी आणि बचत गट यांत गोंधळ करू नका. भिशीची कुठेही नोंद होत नाही. बचत गटाचं बँक खातं, इतिवृत्त आणि अंतर्गत कर्जाची वही असते, त्यामुळे गटाला बँक कर्ज देते. आणि पतसंस्थेत पैसे ठेवताना लक्षात घ्या : बँकेतल्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे, त्यात नागरी सहकारी बँकाही आल्या. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही.

१८. धंदा मंदावला, हप्ता भरता येणार नाही. फोन बंद ठेवू का?

फोन सुरू ठेवा आणि स्वतःहून शाखेत जा. हप्ता ९० दिवस थकला की खातं बुडीत वर्गात जातं, त्याआधी गेलात तर बँकेच्या हातात पर्याय असतात. मुदत वाढवून हप्ता लहान करणं, थोडे महिने फक्त व्याज घेणं, असं पुनर्गठन करता येतं. वही सोबत न्या. विक्री कधीपासून आणि कशामुळे घटली हे तीच सांगते. पालखीच्या किंवा गणपतीच्या रस्ताबंदीत, मेट्रोच्या खोदकामात धंदा बसला असेल तर तसं अर्जात लिहा.

वसुलीवाले सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू शकत नाहीत. शेजाऱ्यांना किंवा नातेवाइकांना सांगून बदनामी करणं नियमबाह्य आहे. असं घडलं तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते, मदत क्रमांक १४४४८. कर्ज का नाकारलं हा बँकेचा व्यावसायिक निर्णय, त्यात लोकपाल सहसा पडत नाहीत. पण तारण मागणं, पोच न देणं अशा नियमभंगाची दखल घेतली जाते. पुणे जिल्ह्याची अग्रणी बँक, म्हणजे जिल्ह्यातल्या बँकांच्या कामाचा समन्वय करणारी बँक, बँक ऑफ महाराष्ट्र आहे. शाखा कोणत्याही बँकेची असो, सरकारी योजनेचा अर्ज अडला तर अग्रणी जिल्हा व्यवस्थापकांना भेटा.

१९. कर्ज घेणारा माणूस गेला तर हप्ते कोणी भरायचे?

वारसाला त्याच्याकडून जेवढी मालमत्ता मिळाली तेवढ्यापुरतीच जबाबदारी येते, स्वतःच्या कमाईतून भरायची सक्ती नाही. पण तुम्ही सहकर्जदार किंवा जामीन असाल तर पूर्ण जबाबदारी तुमची. कर्जासोबत विमा काढला होता का, हे बँकेला आधी विचारा. मंजुरीच्या वेळी त्याचे पैसे कापलेले असतात आणि घरच्यांना पत्ताही नसतो. जीवनज्योती विमा ४३६ रुपयांत आणि अपघाताचा सुरक्षा विमा २० रुपयांत वर्षभराचं २ लाखांचं संरक्षण देतो. दोन्हींचा हप्ता मेअखेरीस खात्यातून कापला जातो, म्हणून तेव्हा खात्यात निदान ५०० रुपये शिल्लक ठेवा आणि वारसाचं नाव लावलंय का ते पासबुकावर पाहून घ्या.